लोणी लावलेला पेला

ल्हामूनं चुलीपुढच्या फळ्यांवर उकडलेले बटाटे मांडले होते. पहिला बटाटा म्हणजे आपलं गाव, त्याच्या पुढचा लुंगदेन. उपडी घातलेली ताटली म्हणजे रेंजोची खिंड आणि तिच्यापलीकडे ओळीनं ठेवलेले चहाचे पेले म्हणजे गोक्योची तळी. लुंगदेनला मात्र दोन बटाटे होते, एक पोचायचा आणि एक थांबायचा. यांगजिन आली, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसली आणि थांबायचा बटाटा उचलून, तिखटात बुडवून खाऊन टाकला.

"आई, तुम्ही विश्रांतीचा दिवस खाल्लात," ल्हामू म्हणाली.

"काठमांडूचा साहेब तेच म्हणतोय ना? मग त्यानं खाल्ला काय नि मी खाल्ला काय. माझं निदान पोट तरी भरलं."

ल्हामू हसली नाही. तिनं ट्रेकिंग कंपनीच्या साहेबाचं बोलणं सासूला पुन्हा एकदा सांगितलं. परदेशी पाहुण्यांना गोक्योच्या वरच्या तळ्यांपाशी तंबू ठोकून राहायचं होतं. तिथं ना लॉज, ना चूल. तंबू, भांडी, गॅस, पीठ, सगळं याकांच्या पाठीवरून न्यायचं. हे काम ल्हामूला मिळणार होतं आणि तेही सरदार म्हणून. आमच्या खोऱ्यात सरदार म्हणजे वाटेवरचा धनी. कुणी पुढं चालायचं, कुणी मागं, काय शिजवायचं, कुठं थांबायचं, आभाळ फिरलं तर कुठून माघारी वळायचं, हे सगळं त्याच्या शब्दावर. पण साहेबाच्या दोन अटी होत्या. नामचेच्या शनिवारच्या बाजारापर्यंत याक ठरले पाहिजेत, आणि लुंगदेनचा जादा मुक्काम कापला पाहिजे. नाहीतर तो दुसरा सरदार बघणार होता.

"दे की मग एक मुक्काम," यांगजिन म्हणाली. "काम हातात येऊ दे आधी."

"आपल्या बाजूनं रेंजो चढायची म्हणजे एकदम उंची. पाहुण्यांचं डोकं धरलं, ओकाऱ्या सुरू झाल्या, की साहेब येणार आहे वर त्यांना पाठीवर घ्यायला?"

यांगजिन तिखटाची बोटं चाटत राहिली. तिच्या नवऱ्याच्या, उर्केन सरदाराच्या तोंडचंच वाक्य होतं ते. त्यानं मुलाला शिकवलं, मुलानं बायकोला. घराण्याची विद्या अशी फिरून सुनेच्या तोंडून परत आली, की सासूला अभिमान वाटायला हवा. यांगजिनला वाटलाही. पण तो तोंडावर दिसू देईल तर ती यांगजिन कसली.

खिडक्यांखाली लांबलचक बाक होतं, सगळ्यांच्या घरी असतं तसं. त्याचं चुलीकडचं टोक मानाचं. तिथं आधी उर्केन बसायचा, मग त्याचा मुलगा तेंडी बसायला लागला. तेंडीला मोठ्या डोंगरावर बर्फानं घेतलं, त्या वर्षी यांगजिननं तिथला गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा केला, तो तसाच होता. पाहुणे येत, खालच्या टोकापासून सरकत सरकत बसत, आणि त्या जागेच्या अलीकडं थांबत. ल्हामू तर बाकावर बसायचीच नाही. ती चुलीपाशी, जमिनीवर. याच घरातून ती आधी दुसऱ्यांची ओझी वाहायला गेली, मग दुसऱ्यांच्या तळांवर स्वयंपाकाला, मग काठमांडूला जाऊन वाटाड्याची परीक्षा देऊन आली. सरदार म्हणून कुणी तिचं नाव घेतलं, ते या खेपेला पहिल्यांदाच.

आता अडलं होतं ते याकांपाशी. हंगाम ऐन भरात. थामेपासून खाली नामचेपर्यंत प्रत्येकाचं जनावर कुणाच्या ना कुणाच्या ओझ्याला लागलेलं. मोकळे होते ते फक्त छामजीचे, ते अजून वरच्या कुरणातच होते. आणि छामजीच्या घराशी यांगजिनचं बोलणं बंद होतं.

कारण असं. तेंडी गेल्यानंतर ल्हामू पहिल्यांदा ओझं घेऊन निघाली, त्या सुमारास गावात एक लग्न होतं. छामजी तिथं चार बायकांत मोठ्यानं म्हणाली होती, "उर्केन सरदाराच्या घरात आता नुसती फडकीच उरली. वाट दाखवणार कोण?" फडकी म्हणजे बायका कमरेला पुढं-मागं बांधतात ती पट्ट्यापट्ट्यांची. छामजी तोंडाची फटकळ, पण यांगजिनही काही लोण्याची बनलेली नव्हती. ती लग्नातलं जेवण तसंच टाकून उठली. तेव्हापासून दोघी एकाच नळावर पाणी भरत, आणि एक असली की दुसरी डोंगर बघत.

ल्हामू म्हणाली, मी छामजीमावशीच्या मुलाला, नुरूला फोन करते, भाडं विचारते. यांगजिननं तिला वेड्यात काढलं. फोनवर भाडं ठरतं, शब्द ठरत नाही, म्हणाली. उद्या गिर्यारोहकांच्या एखाद्या मोठ्या टोळीनं जास्त दिले तर फोनवरचे याक त्यांच्यामागं जातील. शब्दातले याक जाणार नाहीत.

आणि शब्द घ्यायची रीत आमच्याकडं एकच. घरी छांग, म्हणजे धान्य आंबवून केलेली आमची दारू, घालायची. चांगली मुरली की बुधल्यात भरायची, बुधल्याच्या तोंडाला लोण्याची बोटं लावायची, आणि ज्याच्याकडं काम आहे त्याच्या घरी जायचं. कामाचं आधी काढायचं नाही. पेल्याच्या काठाला लोणी लावून छांग ओतायची आणि आग्रह करायचा, पहिला, दुसरा, तिसरा. समोरच्यानं प्यायली की तो बांधला गेला. मग मागणं मांडायचं. प्यायल्यावर नाही म्हणणारा माणूस या खोऱ्यात अजून जन्मायचाय. म्हणून शहाणी माणसं पेल्याला ओठ लावण्याआधी विचार करतात, हिला काय हवं असेल?

यांगजिननं छांग घातली. रोज झाकण काढून वास घेत होती आणि मनातल्या मनात छामजीच्या घराची पायरी चढत होती. नाक मुठीत धरून जायचं म्हणजे तिच्या जिवावर आलं होतं. पण नाक आपलं असतं, घराचं नाव सगळ्यांचं. तेंडीच्या मागं त्याची बायको सरदार झाली, हे ऐकायला एकदा नाक मुठीत धरलं तर धरलं.

छांग मुरत असतानाच नळावर बातमी कानावर आली. काठमांडूच्या साहेबानं छामजीच्या नुरूलाही फोन केला होता. ल्हामूचं जमलं नाही तर तू सरदार होशील का, असं विचारायला. नुरू काय म्हणाला ते कुणाला ठाऊक नव्हतं. पण नुरू मोठमोठ्या शिखरांवर दोर बांधणारा गडी, त्याचं नाव ऐकून साहेब खूश होणारच. यांगजिन घागर अर्धीच भरून परत आली.

ज्या दिवशी ती बुधला उचलून निघणार होती, त्याच दिवशी सकाळी दारात छामजी उभी राहिली. अंगावर सणाचे कपडे, गळ्यात पोवळी, आणि हातात बुधला. बुधल्याच्या तोंडाला लोणी लावलेलं.

यांगजिनचा हात दाराच्या कडीवर गेला. ही आली, सरदारकी मागायला आली. पण दारात आलेल्या बाईला दार लावायचं नसतं. तिनं छामजीला आत घेतलं, बाकावर वरच्या अंगाला बसवलं, गुंडाळलेल्या गालिच्याच्या अलीकडं. मग स्वतःचा बुधला आणून तिच्यासमोर ठेवला. दोन बुधले शेजारी शेजारी, दोन्हींच्या तोंडाला लोणी. असं गावानं कधी पाहिलं नसेल.

छामजीनं बुधल्यांकडं बघितलं, मग यांगजिनकडं. तिलाही कळलं, की हिचंही काहीतरी अडलंय.

मग सुरू झाला आग्रह. छामजीनं आपल्या छांगेचा पेला भरून यांगजिनपुढं सरकवला. यांगजिननं आपल्या छांगेचा भरून तिच्यापुढं. घे म्हणाली एक, तू आधी घे म्हणाली दुसरी. मी तुझ्या घरी आलेय, पाहुणीचा मान राख, असं छामजी म्हणाली. पाहुणी म्हणूनच तू आधी, असं यांगजिन म्हणाली. यांगजिनला एकाएकी आठवलं, की आज दात दुखतोय. छामजीला आठवलं, की लामांनी सकाळी छांग घ्यायला मनाई केलीय.

"कधीपासून गं? परवा नामग्यालच्या घरी तर बुधला पालथा करून बघत होतीस."

"परवा लामा भेटले नव्हते. आणि तुझा दात कुठला दुखतोय? पुढचे तर गेलेत सगळे."

"मागचा दुखतोय. तुला दिसायचा नाही."

ऊन खिडकीतून बाकावर आलं, बाकावरून जमिनीवर उतरलं. चहा झाला, बटाटे झाले. मुलाबाळांची, दुखण्यांची, कुणाच्या याकाच्या मादीला वासरू झालं त्याची, सगळी बोलणी झाली. इतकी वर्षं अडलेलं बोलणं असं धो धो वाहायला लागलं, की दोघींनाही आवरेना. बोलता बोलता छामजीचा हात सवयीनं पेल्याकडं जाई आणि विस्तवाला लागल्यासारखा मागं येई. यांगजिनचंही तेच. पेल्यांच्या काठावरचं लोणी उबेनं पाझरून खाली आलं, पण छांग तेवढीच राहिली.

यांगजिन आतून हटत नव्हती. एक घोट प्यायलीस की तेंडीची जागा गेली, असं ती स्वतःला बजावत होती. याक नाही मिळाले तर काम जाईल, ते एक वेळ चालेल. काम गेलं असं लोक म्हणतील. पण यांगजिननं स्वतःच्या तोंडानं सुनेची सरदारकी दुसऱ्याला दिली, असं कुणी म्हणायला नको.

दुपार कलली तेव्हा ल्हामू आली. पहाटे निघून ती खिंडीच्या वाटेवर बर्फ कितपत आहे ते बघून आली होती. बूट चिखलानं भरलेले, ओठ वाऱ्यानं फुटलेले. तिनं दारातच थांबून सगळं बघितलं, दोन बुधले, दोन भरलेले पेले, आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींवर डोळे रोखून बसलेल्या. तिला समजायला वेळ लागला नाही. ती याच खोऱ्यात वाढलेली.

यांगजिननं डोळ्यांनीच तिला दटावलं, हात लावू नकोस. ल्हामूनं ते पाहिलं. सासूच्या डोळ्यांची भाषा तिला पाठ होती. तरी ती सरळ बाकापाशी गेली, छामजीनं भरलेला पेला उचलला आणि उभ्या उभ्या रिकामा केला. पेला पुढं धरला. छामजीच्या हातांनी आपसूक तो पुन्हा भरला, ती तोही प्यायली. तिसराही. मग मनगटानं तोंड पुसलं.

यांगजिनला वाटलं, घर खचलं. एवढी वर्षं सांभाळलेलं पाणी पोरीनं तीन घोटांत ओतून टाकलं.

"मावशी, आता बोला," ल्हामू म्हणाली. "वाटेचं मागणं असेल तर ते आईंकडं नाही मागायचं. सरदार मी आहे. मी प्यायलेय, मी बांधली गेलेय."

 गावात कुणाला कधी शब्दानं कमी न पडणारी बाई, ती पोवळ्यांची माळ चाचपत बसली. यांगजिननं तिच्याकडं नीट बघितलं, आज पहिल्यांदाच. कपडे सणाचे होते, पण डोळ्यांना झोप नव्हती.

"माझ्या नुरूला तुझ्याबरोबर ने," छामजी म्हणाली.

"सरदार म्हणून?" यांगजिनच्या तोंडून निघून गेलं.

"नाही गं बाई. सरदार म्हणून साहेबानं विचारलं होतं त्याला. त्यानं फोनवरच झाडलं साहेबाला. म्हणाला, रेंजोवर ल्हामू असताना मी कशाला? ती वाट तिला तेंडीनं शिकवलीय, मी तिच्या मागं चालेन, पुढं नाही." छामजीनं एकदा श्वास घेतला. "पण आता दुसरी टोळी त्याला उभ्या कड्यावर दोर बांधायला बोलावतेय. गेल्या खेपेला बोटांची टोकं देऊन आला. या खेपेला काय देईल? माझं तो ऐकत नाही. आईचं ऐकून घरी बसला म्हणून पोरं हसतील त्याला. पण तुझ्या सरदारानं याकांसकट मागून नेलं, कामाचा शब्द दिलाय, असं असलं तर कुणी हसणार नाही. शब्द तो मोडत नाही. ल्हामू, शेवटचा माणूस म्हणून ने. भांडी घासायला ने. पण त्या कड्यापासून लांब ने."

 चुलीत एक लाकूड ढासळलं, ते ल्हामूनं आत सारलं.

यांगजिनला काय वाटलं ते सांगायला शब्द नाहीत. तीही एकदा अशीच बसली होती, तेंडीनं सामान बांधलं त्या दिवशी. तिला मात्र कुणाच्या दारी बुधला घेऊन जायचं सुचलं नव्हतं. सुचलं असतं तरी ती गेली नसती. हिच्या दारी तर नाहीच. आणि ही आली. ज्या घराला फडकी म्हणून हिणवलं, त्याच घरी पोवळी घालून, लोणी लावून आली. यांगजिन मनात म्हणाली, बाई माझ्यापेक्षा मोठी निघाली. मोठ्यानं म्हणणं शक्यच नव्हतं.

ल्हामू खाली बसली, छामजीच्या गुडघ्यापाशी.

"नेते," ती म्हणाली. "पण माझ्या वाटेवर माझं चालेल, मावशी. तो सगळ्यांत मागं चालेल. जो दमेल, ज्याला चक्कर येईल, त्याच्याजवळ थांबेल. मी वळा म्हटलं की वळायचं, शिखरावरच्या बढाया सांगायच्या नाहीत. लुंगदेनला मी दोन रात्री थांबणार आहे. तिथं त्यानं घाई केली तर त्याच्या पाठीवर मी दगड बांधीन."

"दोन बांध," छामजी म्हणाली. तिनं नाक शिंकरून घेतलं. "आणि याक कधी उतरवू कुरणातून?"

यांगजिननं मान वर केली. दिवसभर ज्याच्यासाठी बुधला भरून ठेवला होता ते न मागताच पदरात पडलं होतं.

"तुझ्या बुधल्यात काय मागणं होतं गं?" छामजीनं तिला विचारलं.

"काही नाही. छांग आंबट होत चालली होती, म्हटलं संपवावी."

"याक मागायचे होते. सगळ्या गावाला माहीत आहे. दात म्हणे दुखतोय." छामजीनं समोरचा पेला उचलला, दिवसभर थांबून थांबून कोमट झालेला, आणि एका दमात प्यायली. "बरी आहे. पाणी जरा जास्त झालंय."

"तुझ्या जिभेला लामांनी मनाई केली असती तर गाव सुखी झालं असतं," यांगजिन म्हणाली, आणि तिनंही पेला उचलला. दात दुखला नाही.

दोघी प्यायला लागल्या तशी ल्हामू उठली आणि सवयीनं बुधला उचलायला गेली. ओतायचं काम सुनेचं. यांगजिननं तिचा हात बाजूला सारला. मग ती भिंतीपाशी गेली, गुंडाळलेला गालिचा काखेत घेऊन आली आणि बाकाच्या चुलीकडच्या टोकावर उलगडला. आतून इतक्या वर्षांची धूळ उडाली. छामजी शिंकली.

"वर सरक," यांगजिन सुनेला म्हणाली.

ल्हामू जागची हलली नाही. "आई, ती जागा..."

"जागा सरदाराची आहे. नवऱ्याची नव्हती नि मुलाचीही नव्हती. ते सरदार होते म्हणून बसले. घरात सरदार असून जागा रिकामी ठेवली तर लोक म्हणतील, यांगजिनला मोजता येत नाही."

ल्हामू चिखलाच्या बुटांसकट जाऊन बसली. बसली ती ताठ, पाठ भिंतीला न टेकता. यांगजिननं पेल्याच्या काठाला लोणी लावलं, छांग काठोकाठ ओतली आणि दोन्ही हातांनी सुनेपुढं धरली. आमच्या गावात कुठल्या सासूनं असं केल्याचं कुणी सांगत नाही. छामजीनं बघितलं, म्हणजे उद्या नळावर सगळ्यांना कळणार. कळू दे. म्हणून तर तिच्यासमोर केलं.

"फडकं वाट दाखवणार म्हणायचं," छामजी पेल्यात बघत म्हणाली. याहून जास्त माफी तिला मागता येत नव्हती, आणि यांगजिनला याहून जास्त नकोही होती.

"दाखवणार. आणि तुझा शिखरावरचा वाघ मागून भांडी वाजवत येणार."

तेवढ्यात ल्हामूचा फोन वाजला. साहेबच होता. ती जागेवरून उठली नाही, बसूनच बोलली. याक ठरले, म्हणाली. माणूसही ठरला, तुम्ही ज्याला फोन केला होता तोच, माझ्या हाताखाली.  मग साहेबानं पुन्हा लुंगदेनच्या मुक्कामाचं काढलं, पाहुण्यांच्या विमानाचं काढलं. ल्हामू ऐकत होती. यांगजिनला साहेबाचं बोलणं ऐकू येत नव्हतं, पण सुनेचा चेहरा दिसत होता. तिनं चुलीवरच्या पातेल्यात हात घातला, वाफाळता बटाटा बोटं भाजत बाहेर काढला आणि फळ्यांवर ल्हामू रोज मांडत असलेल्या वाटेवर, लुंगदेनच्या बटाट्याशेजारी नेऊन ठेवला.

ल्हामूनं तिकडं पाहिलं.

"नाही साहेब," ती फोनमध्ये म्हणाली. "तो मुक्काम राहणार. आमच्या घरात तो ठरलाय."